इंडियाच्या नावाची बाटली

इंग्रजी काव्यातील ‘एल’ म्हणजे काय, हे आम्ही तीस वर्षे वर्गात सांगत आलो. चव मात्र परवा कळली. भाच्याने विलायतेहून बर्टन गावची ‘इंडिया पेल एल’ आणली. सरकारी परवाना आम्हांपाशी होताच.

रंग मधासारखा, फेस दाट. नुसत्या वासानेच कुटुंब म्हणाले, “अहो, हा तर काडेचिराइताचा काढाच की!” हा कडवटपणा ‘हॉप’ नामक वेलीच्या फुलांचा. १८६९ साली सुएझचा कालवा खुला होण्यापूर्वी पिंपे आफ्रिकेस वळसा घालून कित्येक महिन्यांनी मुंबईस पोहोचत. वाटेत पेय नासू नये म्हणून ही फुले सढळ हाताने घालीत. आरंभी या व्यापारात लंडनच्या हॉजसनचे वर्चस्व होते. १८२० नंतर बर्टनकर पुढे सरसावले. त्यांच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम पुष्कळ. त्याने कडवटपणा स्वच्छ उमटतो.

नाव आमच्या देशाचे, पण पेले भरले जात ते गोऱ्या अंमलदारांचे. आमचे आजोबा तर १९३० साली दारूच्या गुत्त्यापुढे सत्याग्रहास उभे राहिलेले. त्यांचे चुकले, असे आम्हांस आजही म्हणवत नाही. त्यांची तसबीर त्याच खोलीत होती. आम्ही खुर्ची फिरवून बसलो.

दुसरा घोट, तांबड्या रश्श्याने पोळलेल्या जिभेस, बरा वाटला. उरलेली अर्धी बाटली भाच्याच्या स्वाधीन केली.