मसूर स्टेशनवर ‘भीमायन’
वीकेण्डला लोणावळा-महाबळेश्वर नेहमीचंच. या वेळी सॅकमध्ये ‘भीमायन’ टाकलं आणि पुणे-मिरज लाइनवरचं मसूर गाठलं. १९०१मध्ये वडिलांकडे गोरेगावला निघालेला लहानगा भीमराव भावंडांसोबत इथेच उतरला होता. जात कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन मुलांनीच बैलगाडी हाकली. रात्रभर पाणी मात्र मिळालं नाही.

२०११च्या या ग्राफिक नॉव्हेलमध्ये दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी नेहमीच्या चौकटीच ठेवल्या नाहीत. गोंड शैलीतली चित्रं पानभर पसरतात. प्रेमळ बोलणं पक्ष्याच्या आकारात, विखारी शब्दांना थेट विंचवाची नांगी!

प्लॅटफॉर्मवर वाचता वाचता पाण्याची बाटली उघडली आणि तशीच हातात राहिली. कॉमिक्स म्हणजे टाइमपास, असं मी म्हणायचो. आता नाही म्हणत.