शांतता राखू नका

मालेगाव कॅम्प
रविवार, सकाळ

लाडक्या भाचीस,

तुझं पाकीट काल संध्याकाळी मिळालं. पोस्टर फार देखणं झालंय. जुनं एकपडदा थेटर तीन शनिवारच्या रात्रींसाठी भाड्यानं मिळवणं आजच्या दिवसांत सोपं नाही, आणि ते तू एकटीनं जमवलंस. पहिल्या शनिवारी ‘पुराना मंदिर’, दुसऱ्या शनिवारी ‘तुंबाड’, तिसऱ्या शनिवारी मोठा कोट घालणाऱ्या त्या गायकाचा गाण्यांचा सिनेमा, दिवाळीत लॅपटॉपवर दाखवलास तो. मामीला सगळं मोठ्यानं वाचून दाखवत होतो. वाचता वाचता पोस्टरच्या तळाशी आलो आणि आवाजच बसला. ‘प्रेक्षकांनी शांतता राखावी. कृपया हसू नये.’

अगं, हे तू लिहिलंस? बाल्कनीच्या जिन्यात बसून सबंध थेटराला ऐकू जाईल अशी किंचाळणारी तू?

तुझा प्रश्न एवढाच आहे, की चाळीस वर्षांपूर्वीचं भूत बघून लोक हसले तर काय करायचं. हसू द्यायचं, एवढंच त्याचं उत्तर. पण रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. शेवटपर्यंत वाच. मागच्या वेळेसारखं अर्धं पत्र वाचून फोन करू नकोस.

१९८४ साली ‘पुराना मंदिर’ लागला तेव्हा मी नाशकात मशीनवर होतो. ऑपरेटरला सिनेमा धड ऐकू येत नाही हे तुला ठाऊक आहे. केबिनमध्ये मशीनचा खडखडाट, कार्बनची फरफर, घामानं अंगाला चिकटलेला शर्ट. वीसेक मिनिटांनी रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकायचा. लगेच दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, की बदल. डोळे सगळे त्या ठिपक्यावर. कान मात्र खिडकीतून खाली, हॉलमध्ये. सिनेमातलं भूत, सामरी, पुरं समोर आलं की खालून आधी किंचाळी यायची. मग अख्खं थेटर एक श्वास गप्प. आणि मग हसू. दाटून आलेलं, शेजारच्याच्या मांडीवर थाप मारणारं हसू. रोज चार खेळ, आणि प्रत्येक खेळाला हाच क्रम. ते हसू टिंगलीचं नव्हतं. छातीत कोंडलेली भीती त्या वाटेनं बाहेर पडायची. बाहेरची वाट बंद केलीस तर भीती आत तरी कशी शिरेल?

रामसे बंधूंना हे पक्कं माहीत होतं. सात भाऊ, घरचंच युनिट. १९७२ साली महाबळेश्वरला जाऊन त्यांनी ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ केला, तेव्हापासून त्यांना पुढच्या रांगेतला माणूस कळला होता. ‘पुराना मंदिर’मध्ये भुताच्या जोडीला जगदीपची ‘शोले’ची नक्कल आहे ती उगाच नाही. भीती आणि हसू त्यांनी एकाच ताटात वाढलं. आणि सामरी झालेला अनिरुद्ध अग्रवाल हा शिकलेला सिव्हिल इंजिनीअर. त्या माणसानं चेहऱ्यावर तो लेप चढवून जी मेहनत केली, तिचा आदर गप्प बसून होत नाही.

तुझ्या पत्रातलं दुसरं एक वाक्य मला जास्त लागलं. ‘नाशकात हे सगळं नवीनच आहे, लोकांना सवय नाही.’ त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या नाशकात? ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी बिऱ्हाड नाशकात हलवलं, १९१८ साली इथेच हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली, आणि १६ फेब्रुवारी १९४४ ला ते गेले तेही नाशकातच. त्याच १९१८ मधला ‘श्रीकृष्ण जन्म’ आठव. त्यातला उरलेला भाग तू पुण्यात शिकत असताना चित्रपट संग्रहालयात बघितला आहेस, तूच मला सांगितलंस. कंसाला भास होतो, आणि त्याचं स्वतःचं मुंडकं धडावेगळं होऊन वर तरंगायला लागतं. आणि ‘पुराना मंदिर’ काय आहे? सामरीचं मुंडकं एका जागी, धड दुसऱ्या जागी. मधे सहासष्ट वर्षं गेली, पण पडद्यावर माणसाचं डोकं उडवून हॉलभर काटा आणायची युक्ती नाशिकच्या कंपनीनं कधीच करून दाखवली होती. फाळके आधी जादूगार होते, ‘प्रोफेसर केळफा’ म्हणून स्वतःचंच आडनाव उलटं करून खेळ करायचे. जादूगाराला समोरून ‘अरे बापरे’ ऐकू यावं लागतं. गप्प बसलेल्या लोकांपुढे जादू होत नाही.

त्यांच्याच ‘लंका दहन’ला, १९१७ साली, राम पडद्यावर आला की लोक चपला काढायचे. तो राम आणि ती सीता, दोन्ही एकच नट, साळुंके. लोकांना ते कळत नव्हतं का? कळत होतं. तरी हात जोडले जात होते. मी १९७५ साली नुकता हेल्पर लागलो होतो तेव्हा ‘जय संतोषी माँ’ आला. बायका चपला दाराबाहेर काढून आत यायच्या, पडद्याकडे फुलं आणि नाणी टाकायच्या, आरतीला उभ्या राहायच्या. खेळ संपल्यावर झाडूवाल्याला पडद्याखाली चिल्लर सापडायची आणि तो ती मोजून देवळात नेऊन द्यायचा. एक पैसा ठेवून घेतला नाही त्यानं.

आणि आता तुझी ती अमेरिकेची गोष्ट घे, जी तू मला कौतुकानं सांगितलीस. ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ हाही १९७५ चाच. आधी पडला. मग १९७६ च्या एप्रिलपासून न्यूयॉर्कच्या एका थेटरात मध्यरात्री लागायला लागला, आणि लोक पडद्यावरच्या माणसांना उत्तरं द्यायला लागले. पाऊस आला की डोक्यावर वर्तमानपत्र धरतात, लग्न लागलं की तांदूळ फेकतात. तांदूळ! अगं, त्या अक्षताच झाल्या. तिकडे लोकांनी तांदूळ फेकले त्याचं तुला अप्रूप वाटतं, आणि नाशकातल्या कोणी ओरडलं तर तुला लाज वाटणार?

मला जे मनापासून वाटतं ते आता सांगतो. सिनेमा दिग्दर्शकाच्या टेबलावर पुरा होत नाही. तो हॉलमध्ये, अनोळखी माणसांच्या मधे बसून पुरा होतो. तू ज्याला कल्ट म्हणतेस त्याला मी पंथ म्हणतो. देव कारागीर घडवतो, पण पंथ भक्तांनीच उभा करावा लागतो. ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली पुण्याच्या विजयानंदमध्ये लागला आणि १३१ आठवडे चालला. अनंत मान्यांनी सिनेमा एकदाच केला, पुढची अडीच वर्षं तो लोकांनी चालवला. ‘सैराट’ला ‘झिंगाट’ सुरू झालं की माणसं खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचत होती, ते तर तूही बघितलंस, तूही नाचलीस. ‘तुंबाड’ २०१८ ला आला तेव्हा त्याला बेताचेच लोक मिळाले. २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला. सिनेमा तोच होता. मधल्या सहा वर्षांत त्याचे भक्त तयार झाले.

आमच्या मालेगावचं तर विचारू नकोस. शुक्रवारी यंत्रमाग बंद, आणि थेटर भरलेलं. नासिर शेखनं स्वतःचं व्हिडिओ पार्लर चालवता चालवता २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला. गावचीच माणसं, गावचीच भाषा, आणि बघायलाही गावच. त्याच्यावर पुढे ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट झाला, २०२५ ला रीमा कागतीचा मोठा सिनेमा आला. आठवडाभर मागाच्या आवाजात उभा राहिलेला माणूस शुक्रवारी थेटरात ओरडतो तेव्हा तो सहा दिवसांचं बोलणं तीन तासांत बोलून घेतो. त्याला ‘शांतता राखा’ कुठल्या तोंडानं सांगणार?

एक मात्र तुझ्या बाजूनं मान्य करतो. हसू दोन प्रकारचं असतं. एक भिऊन झाल्यावरचं, आणि दुसरं वरून खाली बघून केलेलं. ‘काय हा मेकअप, काय हे वटवाघूळ’ म्हणत मोबाइलवर चित्रण करणारी पोरं येतील, आणि ती त्या कष्टकरी लोकांच्या सिनेमाला हसतील, ही तुझी भीती खोटी नाही. पण त्यावर पाटी हा उपाय नाही. पुढच्या पाच रांगा स्वस्त ठेव. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले कामगार, मार्केट यार्डातले हमाल, रिक्षावाले, ज्यांनी हा सिनेमा तेव्हा तिकीट काढून बघितला होता, त्यांना बोलाव. ते खरंखुरं ओरडले की मागची पोरं आपोआप टिंगल सोडतील आणि त्यांच्याबरोबर भितील. सोफे टाकलेल्या चाळीस जणांच्या खोलीत हे होत नाही. म्हणून तू थेटर घेतलंस याचा मला एवढा आनंद झाला.

आणि तिसऱ्या शनिवारचं बघ. कोटवाल्याचा सिनेमा चांगलाच आहे, तोही १९८४ चाच, तोही उभं राहून नाचत बघायचा. पण मिळाला तर त्याच्या आधी ‘सांगत्ये ऐका’ लाव. मोठ्या पडद्यावर हंसा वाडकर बघितलेली माणसं आता थोडी उरली.

कामाच्या दोन गोष्टी. घरची डीव्हीडी लावून तिकीट आकारता येत नाही. हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची लेखी परवानगी आधी घे, सेन्सॉरचं प्रमाणपत्र बघ, आणि ‘ए’ असेल तर दारात वय तपासायला माणूस ठेव. डिजिटल प्रत आली तर तिची कुलूपकिल्ली ठरलेल्या वेळेपुरतीच चालते. चाचणी आदल्या दिवशी घे, खेळाच्या आधी अर्धा तास नको. आणि सिटीलिंकची शेवटची बस कधी सुटते ते विचारून मगच खेळाची वेळ ठरव. रात्री बारा वाजता पोरींनी थेटराबाहेर ताटकळत उभं राहायचं नाही.

आता ज्यासाठी खरं तर पहाटे उठून लिहायला बसलो, ते लिहितो. १३ जून १९९७. दिल्लीचं उपहार थेटर, ‘बॉर्डर’चा पहिलाच दिवस. खाली ट्रान्सफॉर्मरला आग लागली आणि धूर बाल्कनीत भरला. जादा खुर्च्या टाकून वाट अडवलेली होती. ५९ माणसं गेली. ती बातमी मी केबिनमध्ये उभ्यानं वाचली आणि मला आपल्याच एका थेटराची मॅटिनी आठवली. नाव लिहीत नाही. फुकटे शिरतात म्हणून तिथे मागच्या दाराला साखळी घालायचे. एका दुपारी वायर जळाल्याचा वास आला, मी मशीन बंद करून खाली धावलो. किल्ली मॅनेजरच्या खिशात आणि मॅनेजर चहाला गेलेले. अंधारात एक बाई कडेवर पोर घेऊन त्या दारावर हातानं मारत होती. आग लागली नाही, वायर तेवढी जळली. पण तो हाताचा आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. हे मी तुझ्या आईलाही कधी सांगितलं नाही.

आणि २०२३ च्या दिवाळीत आमच्या गावात ‘टायगर ३’च्या खेळाला हॉलच्या आत फटाके फुटले. सगळ्या देशानं ते चित्रण बघितलं. माझ्या छातीत तेव्हा जी धडकी भरली ती भरलीच. लोकांच्या आवाजावर माझा विश्वास आहे, पण काडीवर नाही. गर्दी जितकी रंगात येईल तितकी दारं मोकळी हवीत.

तेव्हा पोस्टरवरची ती ओळ खोड आणि तिथे लिही : ‘मोठ्यानं ओरडा, हसा, गा. काडी, फटाका आणि सिगारेट दाराबाहेर ठेवा.’ पहिल्या शनिवारी लोक आत सोडायच्या आधी प्रत्येक दारापाशी स्वतः जा. मालकाच्या शब्दावर राहू नकोस, डोअरकीपरच्याही नाही. कुलूप, साखळी, मधे खुर्ची, काही आहे का बघ, आणि दार स्वतःच्या हातानं ढकलून बाहेर उघड. सगळी दारं उघडली की मला फोन कर. मी फोनपाशी बसलेला असेन.

तुझा
मामा