मुरगळलेला पाय आणि फोटो

आमच्या वस्तीत कुणाचा पाय मुरगळला, की घरची माणसे आधी फोटोचे पैसे जमवतात. सूज बघूनच धीर सुटतो. पण सूज म्हणजे मोडलेले हाड नव्हे. कॅनडात ओटावा येथे डॉ. इयन स्टील व सहकाऱ्यांनी १९९२ साली साधा नियम दिला. घोट्याच्या आतल्या-बाहेरच्या हाडाची मागची कडा वा टोक दाबून दुखत नसेल आणि चार पावले टाकता येत असतील (लंगडत टाकली तरी चालतात!), तर घोट्याचा एक्स-रे बहुधा लागत नाही. तेथल्या एका रुग्णालयात असे फोटो २८ टक्क्यांनी घटले. मधुमेहाने पाय बधिर असेल, तर मात्र हा नियम धरू नये.

रोजंदारी बुडवून रांगेत बसलेल्या बांधवांसोबत गेलो, की आम्ही एवढेच विनवतो, "साहेब, चिठ्ठी लिहिण्याआधी घोटा दाबून बघा."