पंखा टांगून झाल्यावर

पंखा टांगून झाला होता, वायरी जोडून झाल्या होत्या, वरची वाटीही बसली होती. ब्रिस्बेनचा जानेवारी, घरात सगळे घामानं निथळत होते आणि इलेक्ट्रिशियन काही पंखा सुरू करीना. मेन बंदच. त्यानं पिशवीतून मीटर काढला. आधी अर्थिंग सलग आहे का ते पाहिलं, मग वायरींचं इन्सुलेशन, मग फेज आणि न्यूट्रल आपापल्या जागी आहेत का ते. वीज आली, पंखा फिरला, तरी तो निघाला नाही. बोर्डापाशी जाऊन सेफ्टी स्विच किती वेळात पडतो ते मोजलं. कागदावर नोंद, खाली परवान्याचा नंबर आणि सही. टांगण्याइतकाच वेळ तपासण्यात गेला आणि त्या वेळाचेही पैसे बिलात होते.

त्या क्षणी मला राग आला. आमच्या नारायणगावात एवढ्या वेळात वायरमन काकांनी दोन पंखे बसवून, चहा घेऊन, शेजारच्या ट्यूबलाइटचा चोकही बदलून दिला असता. पण नंतर विचार करत गेले तसं माझं मत बदललं.

ब्रिस्बेन ज्यात येतं त्या क्वीन्सलँड राज्यात घरमालकाला आपल्याच घरात छताचा पंखा जोडता येत नाही. 2002 च्या विद्युत सुरक्षा कायद्याप्रमाणे ते परवानाधारकाचंच काम. काम झालं की तपासणीचं प्रमाणपत्र द्यायचं, हीही त्याचीच जबाबदारी. इथली छतं स्लॅबची नसतात. वर लाकडी वासे आणि खाली प्लास्टरबोर्डाचा पातळ तक्ता, म्हणून पंखा वाशातच बसला पाहिजे. वासा नेमका जागेवर नसेल तर माळ्यावर चढून दोन वाशांमध्ये आडवं लाकूड ठोकायचं. पाती जमिनीपासून निदान 2.1 मीटर उंच हवीत, आणि नव्या घरांचं छत बहुतेकदा 2.4 मीटरवर असतं, त्यामुळे दांडा आखूड घ्यावा लागतो.

माळ्यावर जाण्याआधी त्यानं सगळ्या घराची वीज बंद केली, फ्रिजसकट. त्यामागे या राज्याची एक जखम आहे. 2009 साली ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारनं घरोघरी छताखाली उष्णतारोधक आवरण बसवण्याची योजना घाईघाईनं राबवली. त्यात चार तरुण कामगार गेले. त्यांतले तिघे क्वीन्सलँडमध्ये विजेच्या धक्क्यानं गेले. त्यावर रॉयल कमिशन बसलं आणि 2014 मध्ये त्याचा अहवाल आला. म्हणून फ्रिज तासभर बंद राहिल्याची तक्रार मी करणार नाही.

आता नारायणगाव. आमच्याकडे पंख्याची जागा पंखा घेण्याच्या कितीतरी आधी ठरते. स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशी सेंटरिंगवर सळया बांधून होतात तेव्हाच हूक अडकवायचा असतो. तेव्हा घरधन्यानं वर चढून सांगायचं की इथे पलंग येणार, इथे देव्हारा. एकदा काँक्रीट पडलं की पंखा हलत नाही. म्हणून जुन्नर-आंबेगावात घर बांधताना वायरमन हा गवंड्याच्या आधीपासूनचा माणूस. तो घरातल्या वायरींच्या नळ्या ओळखतो आणि कुठल्या खोलीची लाइन कुठून वळली ते वीस वर्षांनीही सांगतो. असा माणूस ब्रिस्बेनमध्ये मिळत नाही. इथे दर वेळी नवा माणूस येतो आणि बोर्डाकडे पहिल्यांदाच बघतो.

आणि दुरुस्ती! इथे मागच्या खोलीतला रिमोटवाला डीसी पंखा बंद पडला, तर उत्तर ठरलेलं: सर्किट बोर्ड गेला, नवा घ्या. नारायणगावात पंखा हळू झाला की काका दांड्याजवळचं झाकण उघडतात, कंडेन्सर बदलतात, नेहमीच्या पंख्याला तो अडीच मायक्रोफॅरॅडच्या आसपासचा असतो, आणि पंखा पुन्हा तरुण होतो. कॉइल जळली असेल तर पंखा वायंडिंगवाल्याकडे जातो. वायंडिंगची एवढी दुकानं आमच्याकडे का, याचं उत्तर शेतात आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे, या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांचं पाणी, वर विहिरी आणि बोअर. टोमॅटो, द्राक्ष, ऊस, सगळं मोटारीवर. व्होल्टेज वर-खाली झालं की मोटार जळते आणि पाण्याच्या पाळीला मोटार बंद ठेवून चालत नाही. म्हणून ती रातोरात भरून देणारे कारागीर तयार झाले. दहा हॉर्सपॉवरची पाणबुडी मोटार भरणाऱ्याला पंखा म्हणजे जेवणानंतरचं काम. या कौशल्याला मी इथल्या कुठल्याही कागदापेक्षा वर ठेवते.

पण त्यातही काही गोष्टी निसटतात, आणि गावाकडे आई-वडील असलेल्यांनी त्या फोनवर विचाराव्यातच. पहिली हुकाची. हूक सळईला वळसा घालून आत गेलेला असला पाहिजे, नुसता काँक्रीटमध्ये खुपसलेला नको. डिंभ्याच्या वर, भीमाशंकरच्या अंगाला पावसाचे चार महिने स्लॅब पाणी पितो, तिथे हूक गंजतो. पंखा उतरवला की हुकावरचा गंज खरवडून आतला लोखंडी गज किती उरलाय ते बघायला सांगा. पातळ झाला असेल तर त्यावर पंखा टांगू नये. स्लॅबला नवा फास्टनर मारता येतो, पण पंखा पेलेल एवढ्या क्षमतेचा. दुसरी गोष्ट शॅकलची. रबरी रीळ, आडवा बोल्ट, नट आणि नटाबाहेर ती छोटी स्प्लिट पिन. रबर कडक झालं की पंखा हादरतो, हादऱ्यानं नट सुटतो, आणि मग सगळा भार त्या पिनवर. जुन्या पंख्यात अनेकदा पिनेच्या जागी तारेचा तुकडा सापडतो. दांड्याच्या खालच्या टोकालाही तसाच बोल्ट आणि तशीच पिन असते, ती वाटीखाली झाकलेली राहते आणि कुणी बघत नाही. तिसरी गोष्ट पात्यांची. दोन पंख्यांची पाती स्वच्छ करताना एकत्र झाली, तर पंखा डुलतो. काढतानाच खूण करून ठेवावी. आणि कमी विजेचा बीएलडीसी पंखा घेतला असेल, जो पंचाहत्तरच्या जागी तीस-पस्तीस वॅटवर चालतो, तर भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढूनच टाकायला सांगा. त्या रेग्युलेटरशी या पंख्याचं जमत नाही.

आणि सैल जोड. आमच्या जवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस डिश आहेत. विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांचा रेडिओ गोंगाट हा तिथल्या शास्त्रज्ञांचा रोजचा त्रास आहे. आकाशगंगेकडून येणारा क्षीण संदेश ऐकताना सैल जोडही ऐकू येतो. घरातल्या वाटीखालचा सैल जोड तसाच ठिणग्या टाकतो आणि तापतो. नुसती वायर पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणं आता थांबायला हवं, कनेक्टर स्वस्तात मिळतो.

नियम आपल्याकडे नाहीत असं नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या सुरक्षा नियमांत घरातलं विजेचं काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यायला सांगितलं होतं. त्यातून दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं मात्र वगळलं होतं. म्हणजे त्या नियमांप्रमाणे पंखा बदलला की तपासायला कुणी बांधील नव्हतं. मला ही सूट जुन्या घरांसाठी धोक्याची वाटते. पंखा बदलायला माणूस शिडीवर चढतो, तेव्हाच तीस वर्षांची वायर पहिल्यांदा उघडी पडते. तीच तर तिला बघण्याची वेळ. क्वीन्सलँडमध्ये नव्या घरांना 1992 पासून सेफ्टी स्विच सक्तीचा आहे. आपल्याकडे त्याला आरसीसीबी म्हणतात, तीस मिलीअँपिअरचा कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, आणि तरी कित्येक घरांत नुसती एमसीबी लावून लोक निर्धास्त असतात. एमसीबी वायरीला जपते, माणसाला नाही.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट अशी की तपासणीचं यंत्र नारायणगावात आहेच. वायंडिंगवाल्याच्या फळीवर मेगर असतो. मोटार भरून झाली की बोअरमध्ये सोडण्याआधी तो तिचं इन्सुलेशन मोजतो, कारण दोनशे फुटांवरून ती पुन्हा वर ओढायचा खर्च शेतकऱ्याच्या अंगावर येतो. शेतकरीही रीडिंग विचारतो. त्याच शेतकऱ्याच्या घरात मुलं झोपतात त्या खोलीची लाइन कधी मोजलेली नसते.

म्हणून यंदा आईकडचा पंखा बदलायचा ठरला तेव्हा काकांना मी फोनवरच मेगर आणायची विनंती केली. ते म्हणाले, "मेगर काय, मिळंल की. पण ताई, घरासाठी आजवर कुणी मागितलाच नाय." घेऊन आले, सगळ्या लायनी मोजल्या. गिझरची सोडून बाकी ठीक निघाल्या. ती वायर त्यांनी दुसऱ्या दिवशी बदलली आणि बोर्डात आरसीसीबी बसवला. मजुरी सांगताना तपासणीचे पैसे त्यांनी धरलेच नव्हते. आईनं ते वेगळे मोजून दिले आणि पुढच्या घरी मागून घ्या म्हणाली.