आपल्या नावाने कोण कोण लिहितं?

स्वतःच्या डोमेनवर ईमेल सुरू करून द्यायचं काम आलं की मी आधी डीएनएसचं पॅनेल उघडत नाही, अकाउंट्सच्या टेबलाशी जाऊन बसतो. तुमच्या नावाने मेल कुठून कुठून जातात, एवढंच विचारतो. "ऑफिसातून, अजून कुठून?" मग गप्पांत एकेक निघतं: बिलं पाठवणारं सॉफ्टवेअर, वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म, पगाराच्या स्लिपा काढणारी एजन्सी.

एमएक्स रेकॉर्डचं काम सोपं. येणारी मेल कुठल्या सर्व्हरवर उतरवायची ते त्यात लिहायचं. आकडा लहान त्याचा नंबर आधी. फक्त एक-दोन दिवस आधी टीटीएल, म्हणजे जुनी माहिती किती सेकंद धरून ठेवायची तो आकडा, 86400 वरून 300 वर आणून ठेवावा, म्हणजे बदलानंतर मेल दिवसभर जुन्या सर्व्हरवर जात राहत नाहीत.

जीव ओतावा लागतो तो एसपीएफमध्ये. आपल्या नावाने मेल पाठवायची मुभा कुणाकुणाला, त्याची ही यादी. एका डोमेनला ती एकच चालते. नवी सेवा घेतली की लोक तिने दिलेली ओळ जुनीच्या खाली चिकटवतात आणि दोन्ही बाद होतात. शिवाय तपासणीत दहाच डीएनएस लुकअप चालतात, आणि दुसऱ्या सेवेची यादी जोडणाऱ्या एकेका इन्क्लूडच्या पोटात आणखी इन्क्लूड असतात. म्हणून बंद केलेल्या सेवांची नावं मी आग्रहाने काढायला लावतो.

डीकेआयएम म्हणजे पाठवलेल्या मेलवरची डिजिटल सही. ती तपासायची 2048 बिटची किल्ली डीएनएसमधल्या 255 अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही. काही पॅनेल तिचे तुकडे नीट पाडतात, काही शेपूट गुपचूप छाटतात. सेव्ह केल्यावर डीएनएसला विचारणारी 'डिग' कमांड चालवून शेवटची अक्षरं मूळ किल्लीशी ताडून पाहिल्याशिवाय मी उठत नाही.

या दोन्ही तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगतं डीमार्क. जीमेलने ते फेब्रुवारी 2024 पासून जीमेलच्या पत्त्यांवर रोज 5000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना सक्तीचं केलं. छोट्या कारखान्याला ती सक्ती नाही, तरी मी लावतोच. 'आमचं बँक खातं बदललंय' अशी खोटी मेल मालकाच्याच पत्त्यावरून गिऱ्हाइकाला गेली, तर वर्षानुवर्षांचा व्यवहार नासतो. पण पहिल्याच दिवशी 'रिजेक्ट', म्हणजे नापास मेल थेट नाकारणं, नको. 'नन', म्हणजे काहीच न अडवणं, ठेवून मेल घेणाऱ्या सर्व्हरांकडून येणारे अहवाल काही आठवडे वाचावेत. त्यात हमखास कुणाला न आठवलेलं काहीतरी सापडतं. बहुतेकदा स्टोअरमधला, स्कॅन केलेली चलनं परस्पर मेल करणारा प्रिंटर. त्याला लॉगिन देऊन नव्या सेवेमार्फतच पाठवायला लावायचं, पुढचे अहवाल स्वच्छ येईपर्यंत थांबायचं, आणि मग 'क्वारंटाइन', म्हणजे नापास मेल स्पॅममध्ये.