काटा खाली आला तेव्हा

गुहागरच्या मुक्कामात सकाळी गाडीखाली ओल दिसली. बायकोनं ती दाखवलीही. प्रस्तुत लेखकानं न वाकताच निकाल दिला, "एसीचं पाणी असेल."

मे महिना, अकरा वर्षांची पेट्रोल गाडी, पाच माणसं आणि डिकीत आंब्यांच्या दोन पेट्या. पोफळी मागे पडली आणि कुंभार्ली घाट चढता चढता तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला. थांबायला सावली दिसेना. "वर हेळवाकला चहाला थांबूच," असं लेखक म्हणाला आणि दोन वळणांनंतर काटा आपोआप खाली आला. गाडीत सगळ्यांना हायसं वाटलं.

घात तिथंच झाला. काटा हलवणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणीच संपलं, की तो नुसत्या वाफेत लोंबकळतो आणि खोटं सांगू लागतो. इंजिन भाजत होतं आणि काटा 'सगळं ठीक' म्हणत होता. पुढच्या चढावर सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोट निघाला आणि गाडी बंद पडली. लेखक रेडिएटरचं झाकण उघडायला निघाला, तेव्हा एका टेम्पोवाल्यानं त्याचा हात धरला. "भाजून घ्यायचंय का?"

कराडच्या गॅरेजात मेकॅनिकनं ऑइलची पट्टी ओढली. तिच्यावर दुधाळ चहासारखा फेस होता. "पाणी ऑइलमध्ये उतरलंय. हेड खोलावं लागंल."

सिलिंडर ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये दबलेली पातळ चकती म्हणजे हेड गॅस्केट. एकीकडे २,००० अंशांच्या वर तापणारा जळता वायू, दुसरीकडे पाणी, तिसरीकडे ऑइल. या तिघांना तिनं एकमेकांत मिसळू द्यायचं नाही. या गाडीचा ब्लॉक लोखंडी, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. बेसुमार तापलं की हेड वाकतं, गॅस्केटवरचा दाब सुटतो आणि वायू वाट काढतो. मेकॅनिकनं उतरवलेल्या हेडवर पोलादी पट्टी आडवी धरली. ०.०५ मिलिमीटरची पातीसुद्धा आत जायला नको होती. ०.१५ची सरकन गेली.

"गॅस्केट आपणहून गेलं न्हाई सायेब," तो म्हणाला, "घालवलंसा तुमी."

मूळ दोष निघाला रेडिएटरच्या होजवर. गंजून ढिली झालेली क्लिप, किंमत ४० रुपये. कूलंटचे पैसे वाचवून लेखक वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतत आला होता, त्यामुळे आत गंजही साचला होता.

बिल असं: टोइंग ४,५००, गॅस्केटचा संच ३,२००, हेड तपासून लेथवर फेसिंग २,८००, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप ४,६००, नवे बोल्ट, ऑइल, फिल्टर, कूलंट मिळून ४,९००, मजुरी ९,०००. एकूण २९,०००. हेडला तडा नव्हता, म्हणून एवढ्यावर भागलं.

बोल्ट मात्र नवेच लागले. ताण घेऊन लांबलेले जुने पुन्हा भरवशाचे नसतात. मेकॅनिकनं टॉर्क रेंच लावून मधल्यापासून कडेकडे, ठरलेल्या क्रमानं, टप्प्याटप्प्यानं ते आवळले. त्या अर्ध्या तासात तो कुणाशी बोलला नाही.

आता पुण्यात रोज सकाळी लेखक पार्किंगमध्ये गुडघे टेकतो, ओलीला बोट लावतो, चिकट लागतंय का बघतो, वास घेतो. वॉचमन हल्ली विचारतही नाही.

बहुतेक वेळा ते एसीचंच पाणी असतं.