लगेज फार, खोली लहान!

होस्टेलच्या दहा बाय बाराच्या खोलीत तीन कॉट, तीन टेबलं आणि तिघींच्या बॅगा कशा बसतात, हे कोडं मला फर्स्ट इयरला काही सुटलं नव्हतं. उत्तर सोपं निघालं. बसतच नाहीत! रोज न लागणाऱ्या बॅगा जिन्याखालच्या सामानाच्या खोलीत जातात आणि आपल्याकडे उरते फक्त एक चिठ्ठी. हे साधं शहाणपण वेबसाइटलाही लागू पडतं, हे कळायला मला एक अख्खी वेबसाइट बंद पडलेली बघावी लागली. त्याचीच ही कहाणी. (चुकलेल्या वेलांट्या संपादकांनी पोटात घालाव्यात, शिक्षण कॉन्व्हेंटचं आहे!)

झालं असं, की आमच्या विंगमधल्या एका ज्युनिअरला मेकॅनिक्स काही केल्या कळेना. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढची दोन वर्षं इंग्रजीत कशीबशी काढलेली. ‘इनर्शिया’ म्हटलं की बिचारी वहीच मिटायची. एकदा माझी रूममेट सहज म्हणाली, "अगं, इनर्शिया म्हणजे तुमचं ते जडत्व!" त्यावर ज्युनिअर म्हणाली, "ताई, हे तर मला येतं की! मग एवढे दिवस कुणी सांगितलं का नाही?"

त्याच रात्री मॅगी खाता खाता ठरलं. सीनिअर्सनी फर्स्ट इयरचे अवघड टॉपिक मराठीत समजवायचे, मोबाईलवर शूट करायचे आणि स्टुडंट्स फोरमच्या वेबसाइटवर अपलोड करायचे. वेबसाइट माझ्या गळ्यात होती. म्हटलं, एक फॉर्म टाकला की काम झालं!

पहिल्याच दिवशी तक्रार आली. नाव, ब्रँच, टॉपिक सगळं भरून व्हिडिओ जोडला की वेबसाइट म्हणायची, ‘कृपया नाव भरा’. एका सीनिअरने पाच वेळा स्वतःचं नाव भरलं आणि सहाव्यांदा मला शोधत लायब्ररीत आला. शोधल्यावर कारण सापडलं. पीएचपीच्या मूळ सेटिंगमध्ये एका फाइलला २ एमबी आणि अख्ख्या फॉर्मला ८ एमबीची मर्यादा असते. फॉर्म त्याहून जड झाला की पीएचपी फाइल तर टाकून देतंच, सोबत भरलेली बाकी माहितीही टाकून देतं. म्हणून नाव भरूनही कोरं! आणि मोबाईलवरचा फुल एचडी व्हिडिओ सेकंदाला १७ मेगाबिट धरला, तरी एका मिनिटाला सव्वाशे एमबीच्या वर जातो. दहा मिनिटांचा हिशोब तुम्हीच करा.

मी सेटिंगमध्ये मर्यादा वाढवली, होस्टिंगवाल्यांनी जेवढी वाढवू दिली तेवढी. आमचा प्लॅन तर ‘अनलिमिटेड’ होता ना! पण अनलिमिटेड थाळीचा बोर्ड लावलेल्या खानावळीत सहावी पोळी मागितल्यावर मालक कसा बघतो, हे आपल्याला माहीत असायला हवं होतं. मेकॅनिक्सच्या पेपरच्या आदल्या रात्री अर्धं फर्स्ट इयर एकदम व्हिडिओ बघायला बसलं आणि साडेअकराला साइटवर एकच ओळ उरली. अकाउंट सस्पेंडेड! नोटिसा, जुने पेपर, सगळंच गेलं. मेलमध्ये लिहिलं होतं, की शेअर्ड होस्टिंगवर व्हिडिओ साठवून वाटायला परवानगी नाही. ते अटींमध्ये आधीच होतं. मीच न वाचता ‘आय अ‍ॅग्री’वर टिक केली होती. खरं सांगायचं तर त्यांचंही चुकलं नव्हतं. एकाच मशीनवर कित्येक साइट नांदत असतात. एका घराने सगळं पाणी ओढलं तर बाकीच्यांनी काय करायचं?

थोड्या वेळाने दारात ज्युनिअर, हातात वही. "ताई, फ्रिक्शनचं अर्धंच बघून झालंय." माझ्याकडे उत्तर नव्हतं. रूममेटने तिला आणि आणखी सहाजणींना मेसच्या टेबलावर बसवून रात्री दोनपर्यंत शिकवलं. त्या सहाजणी आमच्या विंगमधल्या होत्या. बाकीच्यांचं काय झालं असेल, हा विचार मला अजून टोचतो.

पुढे एका फायनल इयरच्या दादाने मार्ग काढला. आपल्या कॉलेजच्या मेल आयडीवरच्या ड्राइव्हमध्ये त्याने व्हिडिओ ठेवले आणि साइटवर नुसत्या लिंक दिल्या. साइट हलकी झाली, आम्ही खूश! जूनमध्ये दादा पास आउट झाला. जुलैमध्ये त्याचा मेल आयडी बंद झाला आणि अकरा व्हिडिओंच्या लिंक मेल्या. ज्यांनी ते काढले होते, त्यांनी मोबाईलमध्ये जागा नाही म्हणून कधीच डिलीट केलेले. पत्ता होता, घरच नव्हतं! लोकांनी परीक्षेच्या तोंडावर वेळ काढून दिलेली वस्तू आपण सांभाळू शकलो नाही, याचं फार वाईट वाटलं.

यूट्यूब का नाही, असं तुम्ही विचाराल. बऱ्याच जणांना ते चाललं असतं. पण काही मुलींना आपला व्हिडिओ कुठेही फिरायला नको होता. ‘अनलिस्टेड’ म्हणजे गुप्त नव्हे, लिंक हातात आली की कुणीही बघू शकतं. त्यांचं म्हणणं रास्त होतं.

मग सापडली खरी सामानाची खोली, म्हणजे ऑब्जेक्ट स्टोरेज. अ‍ॅमेझॉनने एस-थ्री ही सेवा २००६ मध्ये सुरू केली, २०१६ पासून त्यांची मुंबईतही केंद्रं आहेत. अशा सेवा आता इतरही देतात. यातली गंमत आपल्या गेटपाससारखी आहे. व्हिडिओ आमच्या वेबसाइटवर येतच नाही, मोबाईलवरून थेट त्या खोलीत जातो. वेबसाइट फक्त सही केलेला पास देते. कुठली वस्तू, किती वजनापर्यंत, किती वाजेपर्यंत, हे सगळं पासवरच. आमचा पास पंधरा मिनिटांचा, त्यानंतर रेक्टर मॅडमसारखं "नो एंट्री!" बघायलाही तसाच दोन तासांचा पास मिळतो. सही करायची गुप्त किल्ली सर्व्हरवरच राहते, मोबाईलपर्यंत जात नाही. डेटाबेसमध्ये उरतं नाव, टॉपिक आणि सामानाचा नंबर. (कुठल्या साइटवरून सामान येणार हे त्या खोलीला आधी कळवावं लागतं, नाहीतर ब्राउझर आडवा येतो. यात माझा एक रविवार गेला.)

आता खर्च. सामान ठेवायचं भाडं थोडं, पण बऱ्याच कंपन्या सामान बाहेर काढायचे पैसे घेतात. १०० एमबीचा व्हिडिओ दोनशे जणांनी बघितला तर २० जीबी झाले! म्हणून लॅबमधल्या पीसीवर रात्री एफएफएमपेग लावून सगळे व्हिडिओ ४८०पीला आणतो. बोर्डावरचं अक्षर नीट वाचता येतं आणि दहा मिनिटं साधारण ६० एमबीत बसतात. ‘फास्टस्टार्ट’ हा पर्याय लावला की फाइलची अनुक्रमणिका शेवटून पुढे येते आणि व्हिडिओ पूर्ण उतरायची वाट न बघता सुरू होतो.

पण सगळ्यांत महत्त्वाचं काम कॉम्प्युटरवर झालंच नाही. ते डिपार्टमेंटच्या रजिस्टरमध्ये झालं. अकाउंट आता कुणा दादा-ताईच्या नावावर नाही, डिपार्टमेंटच्या मेलवर आहे. बिलाची तारीख आणि पासवर्ड कुणाकडे, हे दरवर्षी पुढच्या बॅचला सही घेऊन द्यायचं. प्रत्येक व्हिडिओची दुसरी प्रत हार्डडिस्कवर, हार्डडिस्क कपाटात आणि कपाटाची किल्ली लॅबच्या काकांकडे. काका चार बॅचनंतरही इथेच असतील, आपण नसू! सामान खुशाल बाहेर ठेवा मंडळी, पण पावती कुणाच्या नावावर फाडलीय ते आधी बघा.

असो. ती ज्युनिअर मेकॅनिक्समध्ये सुटली, अगदी काठावर, पण सुटली. आता ती सेकंड इयरला आहे. मागच्या आठवड्यात रात्री दार वाजलं. म्हणाली, "ताई, फ्रिक्शनचा व्हिडिओ गेला होता ना, मी नवीन केलाय. मराठीत. आणि एकदाच नाव भरलं, लगेच गेला!"